अब्जांश सेकंदाचा हिशेब



इतिहासाचा माणूस बोलावयास बसला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळी हे ओघानेच येणार असे आपण धरून चालता, आणि त्यात आपले काही चुकत नाही. आजच्या हकीकतीत मात्र राजा नाही, लढाई नाही. सनावळी तेवढी आहे. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करावेत आणि त्यांतला एक भाग उचलावा, म्हणजे झाला अब्जांश सेकंद. असल्या चिमूटभर काळात जन्मून मरणाऱ्या वस्तूचे आयुष्य माणसाने कसे मोजले, आणि तेवढ्या अवधीत ती वस्तू लोहचुंबक म्हणून किती बळाची आहे हेही कसे ताडले, त्याची ही हकीकत आहे. तिचा एक अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेला. मोठी यंत्रे हाताशी नसताना तो कसा लिहिला गेला, हे सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला.

आधी या काळाचे माप डोळ्यांपुढे आणू या. प्रकाश एका सेकंदात पृथ्वीला साडेसात प्रदक्षिणा घालील एवढ्या वेगाने धावतो, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. तोच प्रकाश एका अब्जांश सेकंदात किती जातो? मुलांच्या दप्तरातल्या फूटपट्टीइतका, एक फूट. डोळ्याची पापणी लवायला याच्या कोट्यवधी पट वेळ लागतो. तेव्हा हे काम घड्याळाचे नव्हे, हे उघड आहे.

आता ती वस्तू कोणती? अणूच्या पोटात मधोमध अणुकेंद्र असते. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे दोन जातींचे कण दाटीने बसलेले असतात. किरणोत्सर्गी पदार्थाचे अणुकेंद्र फुटले किंवा त्याने आपल्यातला एखादा कण बाहेर टाकला म्हणजे मागे जे नवे अणुकेंद्र उरते, ते पुष्कळदा स्वस्थ नसते. त्याच्या अंगात जादा ऊर्जा असते. यालाच उत्तेजित अवस्था म्हणतात. आपल्या मराठवाड्यात जुन्या बारवा ठिकठिकाणी आहेत. बारवेत उतरताना माणूस पायरी पायरीने तळाशी जातो, मधल्या एखाद्या पायरीवर क्षणभर टेकतो आणि मग पुढे निघतो. हे अणुकेंद्रही तसेच ऊर्जेच्या पायऱ्या उतरते, आणि प्रत्येक पायरी उतरताना एक गामा किरण बाहेर सोडते. मधल्या पायरीवर ते किती वेळ टेकले, ते त्या अवस्थेचे आयुष्य. बहुतेक ठिकाणी हा मुक्काम अब्जांश सेकंदाहूनही फार थोडा असतो. काही ठिकाणी मात्र तो अनेक अब्जांश सेकंदांचा, आणि क्वचित चक्क तासांचा असतो.

तासांचा मुक्काम करणारे केंद्र प्रथम सापडले ते १९२१ साली. जर्मनीत ओटो हान युरेनियमच्या वंशावळीची छाननी करीत होते. तेथे त्यांना एकाच मूलद्रव्याचे, एकाच वजनाचे दोन पदार्थ आढळले. एकाचे अर्धे अणू मिनिटाभरात संपत, दुसऱ्याचे अर्धे अणू संपायला साडेसहा तासांहून अधिक वेळ लागे. एकाच आईची जुळी मुले, पण आयुष्याची रेषा अशी वेगळी! या कोड्याचा उलगडा व्हायला १९३६ साल उजाडले. वाइझसॅकर या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की, केंद्राच्या परिवलनात, म्हणजे स्वतःभोवतीच्या फिरण्यात, दोन पायऱ्यांमध्ये फार मोठा फरक असला की खालची पायरी गाठणे त्याला अवघड जाते, आणि मुक्काम लांबतो. म्हणजे आयुष्य मोजले की केंद्राच्या आतील घडणीबद्दल काही कळते. ते मोजण्याची धडपड या कारणासाठी होती.

दुसरी गोष्ट चुंबकाची. विद्युतभारित वस्तू फिरली की तिच्याभोवती चुंबकत्व येते, हे आपण विजेच्या मोटारीत रोज पाहतो. अणुकेंद्रही फिरते, म्हणून तेही एक अतिसूक्ष्म लोहचुंबक असते. या चुंबकाच्या बळाला शास्त्रात चुंबकीय परिबल असे नाव आहे. १९३३ साली ओटो स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनचे परिबल मोजले, तेव्हा ते अपेक्षेच्या जवळजवळ तिप्पट निघाले आणि भले भले बुचकळ्यात पडले. पुढे १९४९ साली मारिया मायर यांनी, आणि त्यांच्यापासून दूर जर्मनीत येन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अणुकेंद्रातले कण घरातल्या उतरंडीसारखे थराथराने रचलेले असतात असा सिद्धांत मांडला. कोणत्या केंद्रात शेवटचा कण कोणत्या थरात बसला असेल, आणि त्यामुळे त्याचे परिबल साधारण किती यावे, हे या सिद्धांतावरून सांगता येऊ लागले.

आता पाहा, अणुकेंद्र कापून कोणी आत पाहू शकत नाही. वैद्य नाडीवरून पोटातले ओळखतो, त्याप्रमाणे शास्त्रज्ञाला परिबलाच्या आकड्यावरून आतली रचना ओळखावी लागते. स्वस्थ केंद्रांची परिबले मोजण्याच्या रीती तोवर बसल्या होत्या, कारण ती केंद्रे हवा तेवढा वेळ थांबतात. पण मधल्या पायरीवर अब्जांश सेकंदापुरते टेकणारे केंद्र? त्याची नाडी कोण धरणार?

येथे एक जुनी युक्ती कामास आली. १९२४-२५ च्या सुमारास बर्लिनमध्ये बोथे आणि गायगर यांनी दोन मोजणीयंत्रे जवळ ठेवून, दोहोंत एकाच वेळी ठोका पडतो काय एवढेच पाहावयाचे, अशी रीत काढली. १९३० साली इटलीच्या रॉस्सी यांनी व्हॉल्व्ह वापरून तिचे सुटसुटीत मंडल बनविले. या कामाबद्दल बोथे यांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हीच रीत जराशी वाकविली की आयुष्य मोजता येते. कसे ते ऐका. पहिला गामा किरण सुटला, म्हणजे केंद्र मधल्या पायरीवर आले: हा त्याचा जन्म. दुसरा सुटला, म्हणजे केंद्राने ती पायरी सोडली: हा मृत्यू. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही असते ना? तशीच ही नोंदवही. पहिल्या किरणाची वर्दी मुद्दाम लांब तारेतून फिरवून आणावयाची, म्हणजे ती ठरावीक वेळ उशिरा पोचते. तारेतून विजेचा ठोका एका अब्जांश सेकंदात वीतभर जातो. तेव्हा तार मीटरभर वाढविली की सुमारे पाच अब्जांश सेकंदांचा उशीर मिळतो. एवढ्या उशिराने मेलेली केंद्रे किती, तेवढ्या उशिराने मेलेली किती, असे मोजत गेले की आलेख उतरत जातो, आणि त्याच्या उतारावरून आयुष्य निघते. घड्याळाच्या जागी तारेचे वेटोळे! मला तर ही कल्पना फार आवडते. पुढे वेळेच्या फरकाचे विजेच्या दाबात रूपांतर करणारी मंडले निघाली आणि तारा बदलण्याचा व्याप कमी झाला.

एक केंद्र केव्हा मरेल हे कोणी सांगू शकत नाही. हजारो केंद्रांचा हिशेब मात्र चोख येतो. शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखविणे अगदी सोपे आहे. चौफुल्यासाठी फोडतो तसे दोनशे चिंचोके फोडून घ्यावेत. एक बाजू पांढरी, एक काळी. सगळे फरशीवर टाकावेत, पांढरे पडले ते ‘मेले’ म्हणून बाजूला काढावेत, उरलेले मोजून पुन्हा टाकावेत. दर खेपेचा आकडा फळ्यावर मांडला की मुलांना अर्धायुष्य म्हणजे काय हे व्याख्या न पाठ करता कळते. पांढरे आणि काळे अगदी निम्मे-निम्मे पडणार नाहीत, पण त्यावरही मुले चांगले प्रश्न विचारतात.

परिबल मोजण्यासाठी याच्यावर आणखी एक कडी करावी लागली. पहिला किरण ज्या दिशेने गेला तिच्या मानाने दुसरा किरण सगळ्या दिशांना सारखा जात नाही; काही दिशांना अधिक जातो, काहींना कमी. ही गोष्ट प्रयोगाने स्पष्ट दिसली ती १९४७ साली, अमेरिकेत ब्रेडी आणि डॉइच यांच्या हातून. लगेच १९४८ मध्ये हॉफस्टॅटर यांनी थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा स्फटिक पुढे आणला. त्यात गामा किरण शिरला की बारीकशी चमक होते, आणि ती फोटोमल्टिप्लायर नळी टिपून घेते. गायगरच्या नळीपेक्षा हा पहारेकरी कितीतरी पट दक्ष निघाला.

आता आपल्या शेतातला तुषार सिंचनाचा फवारा डोळ्यांपुढे आणा. पाण्याची धार एका बाजूला जोरात आणि फवारा गरगर फिरतो आहे. तो किती वेगाने फिरतो हे तुम्हाला ठाऊक असेल, तर पाणी कोठे पडले यावरून किती वेळ गेला ते सांगता येईल. आणि वेळ ठाऊक असेल तर फिरण्याचा वेग सांगता येईल. केंद्राला चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवले की तिरका पडलेला भोवरा जसा डुलत फिरतो तसे ते डुलत फिरते, आणि त्याच्याबरोबर किरणांची आवडती दिशाही फिरते. मधल्या पायरीवर ते जितका वेळ टेकेल तितकी ती दिशा वळते. किती वळली ते मोजले आणि आयुष्य आधीच मोजलेले असले, की वळण्याचा वेग मिळाला. वेगावरून परिबल मिळाले. आयुष्य आणि परिबल या दोन मोजण्या अशा एकमेकींच्या हातात हात घालून चालतात.

हे प्रथम साधले ते १९५१ साली स्वित्झर्लंडमधील झुरिचला. तेथे फ्राउएनफेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमियम-१११ या केंद्राची मधली पायरी निवडली. इंडियम-१११ हा किरणोत्सर्गी पदार्थ पावणेतीन दिवसांत निम्मा होतो आणि त्यातून ही पायरी मिळते. तिचे अर्धायुष्य सुमारे पंच्याऐंशी अब्जांश सेकंद. एवढ्या वेळात प्रकाश पंचवीस मीटर जातो, म्हणजे शाळेच्या पटांगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. हजार गौसचे चुंबक लावले, तर या केंद्राच्या सरासरी आयुष्यात किरणांची दिशा दहा अंशांच्या आसपास वळते. दहा अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याला दोन मिनिटांहून किंचित कमी. एवढे वळण मोजण्यासाठी लाखो जन्म-मृत्यूंची नोंद करावी लागते.

आता मुंबईकडे येऊ या. होमी भाभा यांनी १९४५ साली मूलभूत संशोधनाची टाटा संस्था सुरू केली. आरंभ बंगळूरला झाला, पण वर्ष संपायच्या आत ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात आली. १९४९ मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात तिचे बिऱ्हाड गेले. कुलाब्याच्या टोकावर आज जी समुद्राकाठची इमारत दिसते तिचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२ च्या जानेवारीत झाले. या काळाचा आपल्या भागाशी ताळा घालून पाहा. संस्था निघाली तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थान मुक्त झाले १९४८ च्या सप्टेंबरात. आपल्याकडच्या मुलांना विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया एवढेच ठाऊक होते, आणि मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ व्हायला १९५८ साल यावे लागले. एकाच राज्यातले दोन कोपरे, पण किती वेगळ्या काळात जगत होते!

संस्थेत बी. व्ही. ठोसर यांनी अणुकेंद्रांच्या किरणांचा अभ्यास करणारा गट उभा केला. ठोसरांनी तरुणपणी, १९३८ च्या सुमारास, माणकाच्या तांबड्या चकाकीवर चांगले संशोधन केले होते. प्रकाश तोलणारा हा माणूस पुढे गामा किरण तोलू लागला. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून एम. सी. जोशी, एच. जी. देवरे, आर. एम. सिंगरू अशी मंडळी या कामात आली. ही नावे १९५० नंतरच्या आणि १९६० नंतरच्या दशकांतील शोधनिबंधांवर दिसतात. भाभांचे नाव शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. या मंडळींची नावे ठाऊक असलेला पदवीधरही मला अजून भेटावयाचा आहे.

त्यांच्यापुढची अडचण सरळ होती. युरोप-अमेरिकेत अणुकेंद्रे फोडण्यासाठी मोठमोठे त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रे, उभी राहत होती. मुंबईत त्या काळी दहा लाख व्होल्टचे एक यंत्र होते. ज्या प्रयोगाला मोठा त्वरक लागतो तेथे चढाओढ करण्यात अर्थ नव्हता. पण आयुष्य आणि परिबल मोजायला काय लागते? चिमूटभर किरणोत्सर्गी पदार्थ, दोन स्फटिक, एक चुंबक, चोख इलेक्ट्रॉनिक मंडले आणि रात्रंदिवस मोजत बसण्याचा धीर. पदार्थाची सोय पुढे घराजवळ झाली. तुर्भ्याची अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली, आणि १९६० मध्ये तिच्याहून पुष्कळ मोठी सायरस. हॅफ्नियमसारखा धातू भट्टीत ठेवून किरणोत्सर्गी केला की तो बेचाळीस दिवसांत निम्मा होतो; म्हणजे सावकाश मोजायला हाताशी महिना-दीड महिना मिळतो. त्यातून निघणाऱ्या टँटलम केंद्राची मधली पायरी दहा-अकरा अब्जांश सेकंदांची आहे.

इलेक्ट्रॉनिक मंडलांचे काय? ती मागवायला परकीय चलन हवे, आणि ते तेव्हा दुर्मीळ. म्हणून संस्थेतच इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग उभा राहिला. ए. एस. राव हे त्यातले प्रमुख नाव. हा वंश पुढे तुर्भ्याला गेला आणि त्यातून १९६७ साली हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. निवडणुकीत आपण ज्या यंत्राचे बटण दाबतो ती यंत्रे बनविणाऱ्या दोन कंपन्यांपैकी ही एक. गामा किरणांच्या मोजणीतून मतदान यंत्र निघाले, असे मी म्हणत नाही. ते म्हणणे खोटे होईल. पण सूक्ष्म मोजणीसाठी घरी मंडले जोडण्याची जी सवय लागली, ती पुढे अशी फळास आली.

हेच धोरण देशात इतरत्रही दिसते. वॉल्टेअरला आंध्र विद्यापीठात अणुकेंद्राची प्रयोगशाळा उभारली ती स्वामी ज्ञानानंद नावाच्या संन्याशाने. हे गृहस्थ प्रागला जाऊन पदार्थविज्ञानाचे डॉक्टर होऊन आले होते. भगवी वस्त्रे आणि किरणमापक यांची अशी जोडी फार थोड्या देशांनी पाहिली असेल.

पुष्कळांच्या मनात एक शंका येते, आणि ती रास्त आहे. झुरिचला १९५१ सालीच काम झाले, मग मुंबईकरांनी नवे काय केले? माझे मत असे की, येथे पहिला आणि दुसरा हा भेदच फसवा आहे. एका केंद्राचे परिबल मोजले म्हणून दुसऱ्याचे कळत नाही. केंद्रे शेकडो आणि पायऱ्या हजारो. शिवाय एकाने काढलेला आकडा दुसऱ्याने वेगळ्या यंत्रावर पडताळल्यावाचून कोणी मानीत नाही. जमिनीच्या मोजणीत दोन्ही हद्दींवरून साखळी टाकतात, तसेच हे. जगभर वापरल्या जाणाऱ्या परिबलांच्या आणि आयुष्यांच्या कोष्टकांत एकेक ओळ कोणीतरी महिनोन्महिने बसून भरलेली असते. भारतासारख्या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे आकडे त्या कोष्टकांत गेले, आणि ते विश्वासाचे ठरले, ही मी मोठी गोष्ट समजतो. मात्र याने शेतकऱ्याचा काय फायदा झाला, असे कोणी विचारले तर सरळ उत्तर आहे: त्या वेळी काही नाही. गरीब देशात असा खर्च करावा की नाही, हा वाद तेव्हाही होता आणि तो खोटा नव्हता. मी एवढेच म्हणेन की, खर्चाच्या मानाने हे काम स्वस्तातले होते, आणि ज्यांनी ते निवडले त्यांनी आपली ऐपत ओळखून निवडले.

या रीतीला पुढे एक उलटी कलाटणी मिळाली. परिबल ठाऊक नसताना चुंबक ठाऊक असला तर परिबल कळते. तसेच परिबल ठाऊक असले तर न दिसणाऱ्या चुंबकाचे बळ कळते. केंद्र धातूच्या आत बसवावे आणि ते किती वळते ते पाहावे, म्हणजे त्या धातूच्या पोटातले चुंबकत्व कळते. आपल्या जालन्याच्या कारखान्यांतून घरबांधणीच्या लोखंडी सळ्या ट्रक भरभरून बाहेर पडतात. त्या सळईतल्या लोखंडाच्या केंद्राला किती चुंबकत्व जाणवत असेल? सुमारे तीन लाख तीस हजार गौस! प्रयोगशाळेतला लोखंडी गाभ्याचा साधा विद्युतचुंबक वीस-तीस हजार गौसपर्यंत दम धरतो. हा आकडा जगाला १९६० च्या सुमारास कळला. तरुण म्यॉसबावर यांनी १९५८ मध्ये शोधलेल्या परिणामाच्या साहाय्याने तो निघाला, आणि तेथेही कामास आली ती लोखंड-५७ या केंद्राची अठ्ठ्याण्णव अब्जांश सेकंदांची मधली पायरी. ज्या केंद्रांचे आयुष्य अब्जांशाच्याही हजाराव्या भागाचे आहे, ती साध्या चुंबकात वळायच्या आधीच मरतात. त्यांना लोखंडाच्या पोटात शिरवून तेथल्या जबरदस्त चुंबकत्वाने वळवावयाचे, अशी युक्ती मग निघाली. मुंबईत देवरे आणि पी. एन. टंडन यांच्या गटाने मिश्रधातूंच्या आतले चुंबकत्व अशा केंद्रांच्या साक्षीने तपासले.

मोठा त्वरक कुलाब्याला आला तो १९८८ च्या अखेरीस. पेलेट्रॉन त्याचे नाव. उंच मनोऱ्यात चौदा दशलक्ष व्होल्टपर्यंत दाब निर्माण करणारे हे यंत्र टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांचे सामाईक आहे. पुढे त्याला अतिसंवाहक त्वरकाची जोड मिळाली. आता किरणोत्सर्गी पदार्थाची वाट पाहावी लागत नाही. वेगवान केंद्रे एकमेकांवर आपटून हवी ती उत्तेजित केंद्रे तेथल्या तेथे करता येतात. आदळल्यावर ती स्वतःही धावत असतात, आणि त्यामुळे अत्यल्प आयुष्य मोजण्याची एक नामी वाट सापडली. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी बारीक ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की तीच शिटी जाड होते. धावत्या केंद्राच्या गामा किरणाचेही तसेच होते. धावतानाच किरण सुटला की त्याचा ‘सूर’ बदललेला असतो. केंद्र धातूच्या पत्र्यात थांबल्यावर सुटला तर सूर मूळचा. दोन्ही सुरांचे प्रमाण पाहिले की केंद्र थांबण्याच्या आधी मेले की नंतर, हे कळते. आता सोडियम आयोडाइडच्या जागी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने थंड केलेले जर्मेनियमचे स्फटिक असतात, चार-चार पाकळ्यांचे. अशा चोवीसपर्यंत शोधकांचा एक सामाईक संच भारतीय शास्त्रज्ञांनी उभा केला. तो मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने नेला गेला आहे. गावच्या जत्रेत भांड्यांचा संच वाड्यावाड्यांतून फिरतो, तसाच हा प्रकार. एकट्याला परवडत नाही ते दहा जणांनी मिळून घ्यावयाचे.

हे ज्ञान कुलाब्याच्या समुद्रापासून आपल्या दुधना-कुंडलिकेपर्यंत किती पोचले, हा प्रश्न शिक्षकांच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टाटा संस्थेतल्याच व्ही. जी. कुलकर्णी या पदार्थवैज्ञानिकाला तो प्रश्न पडला होता. १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे ते पहिले संचालक. केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात खेड्यांतल्या शाळांबरोबर काम केले. विज्ञानात मुले अडतात ती पुष्कळदा विज्ञानापाशी नव्हे, तर पुस्तकाच्या जड भाषेपाशी, असे त्यांना आढळले, आणि त्यांनी सोप्या मराठीत धडे लिहून पाहिले. ‘चुंबकीय परिबल’ हा शब्द उच्चारताना मी स्वतःही जरा थबकलोच.

शेवटी, यातले आपल्या घरापर्यंत काय आले ते सांगतो. इटलीत सेग्रे आणि पेरिये यांनी १९३७ साली टेक्नेशियम हे मूलद्रव्य शोधले. माणसाने तयार केलेले हे पहिले मूलद्रव्य. पुढल्याच वर्षी सेग्रे आणि सीबोर्ग यांना त्याची एक उत्तेजित अवस्था सापडली. ही बारवेच्या पायरीवर चांगली सहा तास बसून राहते. मॉलिब्डेनम-९९ हा तिचा जनक सहासष्ट तासांत निम्मा होतो. तो एका शिशाच्या भांड्यात ठेवावा आणि त्यातून रोज नवे टेक्नेशियम मिठाच्या पाण्याने काढून घ्यावे, ही रीत अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बसली. तंत्रज्ञ त्या भांड्याला ‘गाय’ म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला ‘दूध काढणे’. गाय आठवडाभर दूध देते, मग आटते, आणि नवी आणावी लागते. गंमत अशी की, याच गाईच्या पोटातली काही केंद्रे वेगळ्या वाटेने उतरतात, आणि तेव्हा टेक्नेशियमच्या दुसऱ्या एका पायरीवर साडेतीन अब्जांश सेकंदांच्या आसपास टेकतात. ती पायरी परिबल मोजणाऱ्यांच्या कामाची, सहा तासांची पायरी डॉक्टरांच्या कामाची.

मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत हाडांची, हृदयाची, मूत्रपिंडांची जी तपासणी होते, तिच्यात हे टेक्नेशियम टोचतात. वरून जो कॅमेरा पाहतो तो अँगर यांनी १९५७-५८ च्या सुमारास बनविला. त्यात तोच सोडियम आयोडाइडचा स्फटिक, त्याच फोटोमल्टिप्लायर नळ्या. सहा तासांनी त्यातले निम्मे संपते, बारा तासांनी पाव उरते, अठराव्या तासाला आठवा भाग. सकाळी तपासून गाडीने घरी परतलेल्या माणसाच्या अंगात दुसऱ्या दिवशी सकाळी सोळावा भाग उरलेला असतो, आणि काही भाग लघवीवाटे गेलेला असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी.